तिसरी तार

दस्तगीरमामा कुणाला "बरं आहे का" असं विचारत नसत. ते पालथा हात लावून बघत. ट्रकच्या बॉनेटला, चहाच्या पातेल्याला, तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळाला, आणि पुढे माझ्या कॉम्प्युटरलाही. तळहात का लावत नाही, असं मी एकदा विचारलं. त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. वर्षानुवर्षं रेडिएटरला कथलाचा डाग देऊन ते जोड्याच्या टाचेसारखे झाले होते. "ह्येंच्यात आता जीव न्हाय, पोरी. ह्ये काय बी सांगतेत. पालथा हात खोटं बोलत न्हाय."

उमरग्यात हायवेला लागून त्यांचं रेडिएटर दुरुस्तीचं पत्र्याचं दुकान होतं. त्याच्या मागच्या दोन खोल्यांत मी आणि आई राहायचो. आई एका दवाखान्यात आया होती. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. निकाल लागला त्या दिवसापासून मामांनी माझं खरं नाव सोडलं आणि "बीए" म्हणायला लागले. "काय बीए, नळाला पाणी आलं का?" "बीए, ह्या पावतीवर काय लिवलंय बग." त्यात चेष्टा होती, पण गिऱ्हाइकासमोर हाक मारताना ते ती दोन अक्षरं जरा सावकाश म्हणत, हेही मी पाहिलं आहे.

त्यांचा आवडता शब्द होता "डायरेक्ट". ट्रकच्या इंजिनात थर्मोस्टॅट नावाची एक पितळेची चकती असते. पाणी पुरेसं तापेपर्यंत ती त्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. आमच्याकडचे बरेच मेकॅनिक ती काढूनच टाकतात. मामा तर गाडी दुकानाला लागली की आधी चकती काढायचे. "थंड मुलखासाठी बसवलंय ह्ये कंपनीनं. आपल्याकडं पाणी फिरत राह्यलं पायजे. डायरेक्ट!" काढलेली चकती मात्र ते फेकत नसत. तिला पुठ्ठ्याचा तुकडा बांधून, त्यावर रंगानं गाडीचा नंबर घालून, ऑइलच्या वरून कापलेल्या एका डब्यात टाकत. "काढायचं, पण फेकायचं न्हाय. धनी परत मागंल तवा सापडलं पायजे." डबा काठोकाठ भरला होता. परत मागायला आलेला धनी मी कधी पाहिला नाही.

माझा कॉम्प्युटर जुना होता. बंद पडलेल्या एका नेट कॅफेतून घेतलेला. पहिल्याच एप्रिलमध्ये तो दुपारचा आपोआप बंद पडायला लागला. मामांनी पालथा हात लावला, म्हणाले, "रेडिएटर चोंदलाय ह्येचा." त्यांनी हवेच्या नळीनं आतली धूळ उडवली, पत्र्याच्या कात्रीनं बाजूला भोक पाडून एक जादा पंखा बसवला आणि मशीन पुन्हा चालू केलं. मी इतकी खूश झाले की त्यांनी नेमकं काय केलं आहे हे बघितलंच नाही. त्यांनी चारही पंख्यांचे प्लग कापले होते आणि तारा पिळून, वर चिकटपट्टी मारून, थेट वीजपुरवठ्याला जोडल्या होत्या. प्रत्येक पंख्याला तीन तारा असतात. दोन विजेच्या, आणि तिसरी पंखा किती फेऱ्या मारतो ते कळवणारी. मामांनी दोन जोडल्या आणि तिसरी छाटली. "बल्बला दोनच लागतेत की! तिसरी कशाला लोंबत ठिवायची?"

तेव्हापासून कॉम्प्युटर कधी तापला नाही. पण चारही पंखे सदासर्वकाळ पूर्ण वेगानं फिरत. सुरू करताना दर वेळी पडद्यावर तक्रार यायची, की पंखा सापडत नाही. मग एक बटण दाबून पुढे जायचं. आणि आवाज असा की पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटावं. मी मामांकडे कुरकुर केली की ते मान तिरकी करून ऐकत आणि म्हणत, "कुठं आवाज येतोय? गप हाय की." मला वाटायचं, स्वतःचं काम चुकलं हे कबूल करायचं नाही म्हणून चाललंय हे.

त्याच सुमारास मला एक काम मिळण्याची शक्यता निर्माण झाली. अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून त्यांचं ध्वनिमुद्रण करणारी पुण्याची एक संस्था होती. वाचक म्हणून घ्यायच्या आधी ते तीन धडे नमुना म्हणून मागत. पहिल्यांदा मी मोबाइलवर वाचून पाठवलं. उत्तर आलं, "मोबाइल चालणार नाही. कॉम्प्युटरला मायक्रोफोन जोडून करा." मायक्रोफोन आणून पुन्हा केलं. उत्तर आलं, "वाचन चांगलं आहे. मागे यंत्राची घरघर आहे. एक शेवटची संधी देत आहोत." खाली तारीख होती. आई दवाखान्यातून आली की तिला हे कसं सांगायचं, याच्या विचारात मी होते. शेवटी ते उत्तरच तिला वाचून दाखवलं. तिनं ताट वाढलं आणि म्हणाली, "वाचन चांगलं हाय म्हणलेत ना? मग?"

कॉलेजच्या एका सरांनी उपाय सांगितला: फॅन कंट्रोलर. कॉम्प्युटरच्या पुढच्या खणात, जिथं सीडी घालायची पेटी असते, तिथं बसणारी एक पट्टी. चार पंख्यांना चार बटणं, फिरवाल तसा वेग कमी-जास्त. छोट्या पडद्यावर पंख्यांच्या फेऱ्या आणि आतलं तापमान. पंखा थांबला किंवा आत फार तापलं, तर भोंगा वाजवून धोक्याची सूचना. मी मागवला. यायला नऊ दिवस लागले. पार्सल हातात पडलं तेव्हा शेवटच्या तारखेला तीन दिवस उरले होते.

मामांनी ती पट्टी उलटसुलट करून बघितली. "ह्ये तर थर्मोस्टॅट हाय! ह्येच तर आमी डबा भरून काढले, आन् तू पैशे देऊन आणलंस? बीए झालीस का वाया गेलीस?"

"मामा, मला पंखे कमी करायचेत."

"मे महिन्यात? पंखे कमी?" ते आईकडे बघून म्हणाले, "ताई, हिला ऊन लागलंय."

पण बसले. सीडीची पेटी काढली, पट्टी खणात सरकवली, स्क्रू आवळले. तिथवर सगळं ठीक. मग पंखे जोडायला घेतले आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. कंट्रोलरवर प्लग बसवायला तीन-तीन टाचण्यांच्या जागा, आणि माझ्या पंख्यांना प्लगच नाहीत. "कापलेत तुम्ही!" मी म्हणाले. "हौ, कापलेत," मामा शांतपणे म्हणाले, दुकानात गेले आणि तो ऑइलचा डबा घेऊन आले. जमिनीवर सगळा उपडा केला. चकत्यांच्या ढिगात पुठ्ठा बांधलेली एक पुरचुंडी होती, तिच्यात माझे चारही प्लग, तारांच्या शेंड्यांसकट. ट्रकचा रेडिएटर सांधायच्या, डाग द्यायच्या जाडजूड सळईला त्यांनी तांब्याची तार गुंडाळली, तिचं टोक कानशीनं टोकदार केलं आणि केसासारख्या तारांना डाग देत बसले. घाम नाकावरून टपकत होता. तीन पंख्यांच्या तिन्ही तारा जुळल्या. चौथा पंखा प्रोसेसरवरचा, सगळ्यांत महत्त्वाचा. त्याची तिसरी तार त्यांनी पार मुळातून छाटली होती. धरायलाही टोक उरलं नव्हतं.

"दोनावर चालंल," मामा म्हणाले.

सुरू केलं. पडद्यावर निळे आकडे उमटले. मी बटणं हळूहळू मागे फिरवली. घरघर उतरत गेली, उतरत गेली, आणि नाहीशी झाली. इतक्या दिवसांनी त्या खोलीत मला बाहेरची चिमणी ऐकू आली. आणि दुसऱ्याच क्षणी कंट्रोलर किंचाळायला लागला. टीं, टीं, टीं. बारीक, कानात सुई घातल्यासारखा. पडद्यावर चौथ्या पंख्यापुढे शून्य लुकलुकत होतं. पंखा फिरत होता, पण तिसरी तार नसल्यामुळे कंट्रोलरला ते कळतच नव्हतं. त्याच्या लेखी पंखा मेला होता. आणि ही सूचना बंद करायची सोय माहितीपत्रकात कुठेच नव्हती.

मामांनी हात पुसले, माझ्याकडे बघून हसले. "बग! झालं का न्हाय गप? उगं बोंब मारत होतीस."

टीं, टीं, टीं.

माझा ताबा सुटला. "मामा, कान फुटलेत का तुमचे? इतकं ओरडतंय आणि गप झालं म्हणताय! तेव्हाही असंच. सगळ्याचं डायरेक्ट, डायरेक्ट! माझं काम घालवलंत तुम्ही."

"अगं!" आई उठून उभी राहिली.

मामा हसायचे थांबले. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग आईच्या. आई हळू आवाजात म्हणाली, "वाजतंय हो, दादा."

त्यांनी पालथा हात पुढे केला आणि कंट्रोलरच्या पट्टीवर टेकवला. बराच वेळ टेकवून ठेवला.

"हौ," ते म्हणाले. "वाजतंय."

मग त्यांनी सांगितलं. माझ्याकडे न बघता, पेटीच्या आत बघत. "बारीक आवाज लई वर्षं झालं येत न्हाय. इंजिनाजवळ जिंदगी गेली, ठोकाठोकीत गेली. मोठं बोलणं कळतं, तोंडाकडं बगून कळतं. डायवर म्हणतो, मामा, बेरिंग शीळ घालतंय. मी म्हणतो, व्हय, घालतंय. हात लावतो, हाताला कळतं. कुणाला सांगू नगं, बीए. न ऐकणाऱ्याकडं कोण गाडी लावंल?"

मी काहीतरी पुटपुटले. ते म्हणाले, "राहू दे. माझ्याच तिसऱ्या तारंचा घोळ हाय."

सोलापूरहून नवीन पंखा आणता आला असता, पण जाऊन येण्यात एक दिवस जाणार होता आणि तो बसेलच याची खात्री नव्हती. मामांनी पट्टी पुन्हा बाहेर काढली, आतला हरभऱ्याएवढा काळा भोंगा शोधला आणि मला विचारलं, "काढू?" याआधी त्यांनी कुठलीही वस्तू काढताना विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

"पण मग तापलं तर कळणार कसं? मी वाचू का आकडे बघू?"

"मी बसतो की."

पुढचे दोन दिवस दुपारी दोन ते चार, ट्रकवाले सावलीला आडवे झालेले आणि गॅरेजं गप असताना, आम्ही काम केलं. दार बंद, खिडकीला गोधडी, छताचा पंखाही बंद. मी भूगोलाचे धडे वाचत होते. मामा पाटावर बसून कॉम्प्युटरच्या उघड्या बाजूनं आत हात घालून, प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या जाळीला पालथा हात लावून बसले होते. समोर निळे आकडे दिसत होते, त्यांच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. जाळी फार तापली की ते दुसरा हात वर करत. मी वाक्य पुरं करून थांबायचे, बटणं पुढे फिरवायचे, पंखे घोंगावायचे, मग पुन्हा मागे. हयातभर थर्मोस्टॅट काढणारा माणूस स्वतः थर्मोस्टॅट होऊन बसला होता. हे तेव्हा मला सुचलं नाही. तेव्हा मला फक्त घाम, चिडचिड आणि तारीख दिसत होती.

शेवटच्या धड्याचा शेवटचा परिच्छेद चालू असताना त्यांचा हात वर गेला. मी बोटानं खूण केली: एकच मिनिट. हात खाली आला नाही. मशीन बंद पडलं असतं तर धडा पहिल्यापासून करावा लागला असता, आणि मशीन निवून परत सुरू व्हायला वेळ नव्हता. मी वाचत राहिले. डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं, मामांनी कंट्रोलरच्या खोक्याचा पुठ्ठा उचलला आणि जाळीवर वारा घालायला लागले. सावकाश, जसा तान्ह्या लेकराला घालतात तसा. जराही आवाज नाही. मी शेवटचं वाक्य वाचलं.

आठवड्यानं उत्तर आलं: "ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे. आपली निवड झाली आहे." मी धावत दुकानात गेले, त्यांच्या समोर उभी राहून मोठ्यानं वाचून दाखवलं.

"मला वाटलंच हुतं," मामा म्हणाले. "मला तर काहीच ऐकू आलं न्हवतं."

त्यांच्या कानांबद्दल मी कुणाला सांगितलं नाही. पण नवा रस्ता गावाबाहेरून गेला, ट्रक दुकानापुढे थांबेनासे झाले आणि मामा गुलबर्ग्याला लेकीकडे राहायला गेले. फोनवर त्यांना माझं बोलणं कळत नसे, त्यामुळे बोलणंही राहिलं. गेल्या हिवाळ्यात ते वारले. दुकान रिकामं करायला त्यांची लेक आली होती, तिनं तो ऑइलचा डबा आमच्या उंबऱ्यावर आणून ठेवला. "अब्बांनी तुम्हाला द्यायला सांगितलं होतं. मला तर भंगार वाटतंय."

मी डबा उपडा केला. गाड्यांच्या नंबरांच्या ढिगात एक लहान पुठ्ठा निघाला. त्याला हरभऱ्याएवढा काळा भोंगा बांधलेला होता आणि वर रंगानं, वाकड्या हातानं लिहिलं होतं: बीए.

तो जुना कॉम्प्युटर अजून चालू आहे. प्रोसेसरवर आता तीन तारांचा नवा पंखा आहे. भोंग्याला डाग द्यायला मला पूर्ण एक दुपार लागली, दोनदा बोट भाजलं, एकदा रडायला आलं. शेवटी बसला. चारही पंखे फिरत होते, म्हणून तो गप होता. खात्री करायला मी पेन्सिलीनं एक पंखा अडवून धरला.

टीं, टीं, टीं.

मी पेन्सिल काढलीच नाही. आतून आई म्हणाली, "वाजतंय गं ते."

"हौ," मी म्हणाले. "वाजतंय."