उतारावर उभा केलेला ट्रॅक्टर

मयत: नाईक नेमगोंडा पाटील, चालक, जिल्हा सांगली. घटनास्थळ: लडाखमधील आमची आघाडीची चौकी. साक्षीदार: चौकीचे सुभेदार साहेब, नर्सिंग असिस्टंट आणि मी स्वतः, निवृत्त हवालदार, वाहन मेकॅनिक, हल्ली कोरेगाव कचेरीसमोर अर्जलेखक.

नेमगोंडाच्या गावी शहीद जवानांची नावे कोरलेला दगड आहे. तो गोळीने मेला नाही, सबब त्याचे नाव घेता येत नाही, असे स्मारक समितीचे म्हणणे आहे. म्हणून जे पाहिले ते लिहून देत आहे.

चौकीवर रसद व पाणी ओढण्यास एक डिझेल ट्रॅक्टर होता. नेमगोंडा तो रोज उतारावर, तोंड खाली करून लावी. सेल्फने इंजिन न उचलल्यास गिअरमध्ये टाकून उतारावर सोडायचे, ही त्याची घरच्या उसाच्या रानातली सवय.

"गड्या, ही फौज हाय, तुझं शिवार न्हाई," मी म्हणे.

"बॅटरीचं उपकार कशाला घ्यायचं, हवालदार? उतार फुकाट हाय."

त्या आठवड्यात वर आलेले डिझेल थंडीत न गोठणारे नव्हते, साधे होते. हे आम्हास नंतर समजले. ते कोणी पाठविले, याची चौकशी झाल्याचे मला आजतागायत कळविण्यात आलेले नाही.

एके सकाळी नेमगोंडास श्वास पुरेना. उंचीमुळे छातीत पाणी भरले आहे, तत्काळ खाली न्या, असे नर्सिंग असिस्टंटने सांगितले. सुभेदार साहेबांनी वायरलेसवर हेलिकॉप्टर मागितले.

"नेगेटिव्ह. ढग आहेत. रस्त्याने आणा. ओव्हर."

बर्फामुळे अँब्युलन्स वर येत नव्हती. ट्रॅक्टर जाऊ शकत होता. नेमगोंडास ऑक्सिजन लावून ट्रॉलीत निजविले.

सेल्फ फिरला, इंजिन पेटले नाही. उतारावर सोडले. इंजिन फिरले, पण धूर नाही. म्हणजे डिझेलच पोहोचत नव्हते. फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करून मी डिझेलचा हातपंप मारला. पांढरट गोळा बाहेर आला.

नेमगोंडाने मास्क बाजूला केला. "आवं हवालदार, तूप निघालं की."

"गप पड रं. बोलू नगंस."

"पोळ्या कवा?"

फिल्टरवर व नळीवर गरम पाण्याची फडकी गुंडाळली. शेगडीचे रॉकेल टाकीत मिसळले. पुन्हा हवा काढली. इंजिन पेटले. जवान ओरडले. नेमगोंडाने अंगठा वर केला.

पहिल्या वळणावर डोंगराची सावली होती. तेथे इंजिन धापा टाकून बंद पडले. फिल्टरमध्ये पुन्हा तोच गोळा. मी गुंडाळलेली फडकी नळीवर दगडासारखी गोठली होती.

"झाला का चालू?" त्याने विचारले.

"हुतोय."

"लय गार हाय, हवालदार."

झाला नाही. आम्ही त्यास स्ट्रेचरवर घेऊन पायी निघालो. खाली अँब्युलन्स दिसू लागली तेव्हा नर्सिंग असिस्टंटने त्याचा मास्क काढून घेतला.

मी त्याच्या आईस भेटलो. "आमचा ट्रॅक्टर थंडीत भल्या पहाटं चालू हुतोय. तुमचा का न्हाई झाला?" त्यांनी विचारले. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधले मेण कसे गोठते, ते मी सविस्तर सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि पुन्हा तेच विचारले.

सबब समितीस विनंती की, नाईक नेमगोंडा पाटील हे नाव दगडावर घ्यावे. घ्यावयाचे नसल्यास कारण लेखी द्यावे, आणि ते त्याच्या आईस वाचून दाखविण्यास समितीच्या सदस्याने समक्ष जावे. ते काम माझ्याकडून होणार नाही.