शोभाताईंची उकळलेली नळी

शोभाताई इंगळे सकाळी प्रयोगशाळेत आल्या की आधी काचेच्या चंबूंचा वास घ्यायच्या. शेकरवर हलणाऱ्या चंबूंत पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडाचा भुगा, पाणी आणि बुरशी असे. तोंडावरचा कापसाचा बोळा न काढता त्या एकेका चंबूजवळ नाक नेत आणि निकाल देत. "हे बरं आहे." "हे बिघडलं, फेका." ओल्या पोत्याखाली उंदीर मरावा, तसा वास त्या खोलीला होता. पहिल्या भेटीत मी नाकाला रुमाल लावला. त्या म्हणाल्या, "काहून भाऊ, तुमच्या पेपरच्या हापिसात अत्तर शिंपडतात काय?"

अमरावतीच्या एका महाविद्यालयात त्या कंत्राटी प्रयोगशाळा सहायक होत्या. अकरा महिन्यांची ऑर्डर, दर जूनला नवी. माहेर पातूरकडचं. तिथल्या भावाच्या शेतात कुजत पडलेल्या पऱ्हाट्यांवरची बुरशी त्यांनीच स्टीलच्या डब्यातून एसटीने आणली होती. "कंडक्टर म्हने, बाई, डब्यात काय मेलं? म्या म्हटलं, दाखवू काय उघडून?"

ही बुरशी जे एन्झाइम सोडते, त्याने पऱ्हाटीची साखर होते, असा विभागप्रमुखांचा दावा होता. साखर झाली का, हे तपासायची रीत सोपी होती. नळीत पऱ्हाटीचा भुगा आणि चंबूतला गाळलेला रस घालायचा, तो मुरू द्यायचा, मग पिवळं रसायन टाकून नळी तापवायची. साखर असेल तर रंग लालसर तपकिरी होतो. शोभाताई शेजारी दुसरी नळी लावत. तिच्यातला रस आधीच खळखळ उकळलेला असे. उकळल्यावर एन्झाइम मरतं, म्हणून ती नळी पिवळीच राहायला हवी. "मेलेला गडी निंदन करत नाही भाऊ. त्याच्या वावरातलं तन निघालं, तर समजा कोनीतरी चोरून काढलं." या नळीशिवाय त्या एकही आकडा वहीत लिहीत नसत.

निधी देणाऱ्या समितीसमोर प्रात्यक्षिक ठरलं, तेव्हा मी बातमीसाठी हजर होतो. बुरशी वेळेत वाढत नव्हती. समिती यायच्या आधी शोभाताईंनी चंबूंचा वास घेतला आणि त्या थांबल्या.

"सर, याले गुळाचा वास येऊन राहिला."

"बुरशीला खाऊ दिलाय थोडा," विभागप्रमुख सर हसून म्हणाले. "ताई, आज ती दुसरी नळी नको. पाहुण्यांचा गोंधळ होतो."

"नळीनं कोनाचा गोंधळ होते, सर?"

सर पाहुण्यांना आणायला दाराकडे गेले. समितीतले तिघे आले, खुर्च्यांवर बसले, काजू खाऊ लागले. शोभाताईंनी रोजच्यासारख्या दोन नळ्या लावल्या. चहापाणी, भाषण झालं. मग नळ्या तापवल्या. दोन्ही सारख्याच लाल झाल्या. साखर पऱ्हाटीची नव्हती, आधीपासून रसात होती. खोलीतल्या प्रत्येकाला ते कळलं असावं. एका सदस्याने फक्त काजूची बशी पुढे सरकवली. सर म्हणाले, "आमच्या ताई दुसऱ्या नळीतला रस उकळायला विसरल्या." टाळ्या वाजल्या.

बातमी मी लिहिली. 'पऱ्हाटीपासून साखर, प्रयोग यशस्वी' असं शीर्षक दिलं. शेवटच्या परिच्छेदात सरांचं म्हणणं तसंच घेतलं: सहायकाच्या हातून एक नळी चुकली, मात्र निष्कर्षावर परिणाम नाही. शोभाताईंना मी काही विचारलं नव्हतं.

जूनमध्ये त्यांना नवी ऑर्डर मिळाली नाही. 'कामातील हलगर्जी' असं कारण देणारं पत्र मिळालं. त्याला माझ्या बातमीचं कात्रण जोडलेलं होतं. ते घेऊन त्या आमच्या कार्यालयात आल्या.

"हे तुमीच लिहिलं ना?"

"हो."

"दोन्ही नळ्या लाल झाल्या, तुमी पायलं ना?"

"पाहिलं."

"मंग हे काय लिहिलं?"

सरांनी तसं सांगितलं, एवढंच म्हणालो. त्यांनी कात्रण दोन बोटांत धरून माझ्या टेबलावर सोडलं.

"साबन आहे काय इथं?"

मी व्हरांड्यातलं बेसिन दाखवलं. त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा साबण लावला, पुन्हा धुतले. मग ओले हात तसेच हवेत धरून जिना उतरून गेल्या.