समुद्रापलीकडं खंडोबा

देव सगळीकडं असतो, असं लहानपणापासून ऐकत आले आणि इतरांना सांगतही आले. पण मस्कतला राहायला गेल्यावर या गोष्टीविषयी माझ्या मनात पहिल्यांदा शंका आली. माझं माहेर शेंद्र्याजवळचं, शेतकऱ्याचं घर. लग्न होऊन औरंगाबादच्या पुंडलिकनगरात आले. दोन्हीकडचं कुलदैवत खंडोबाच. शहराला लागून असलेल्या सातारा गावातल्या खंडोबाच्या देवळात दर रविवारी जायचं, कपाळाला भंडारा लावायचा आणि आठवडाभराचं मनातलं सगळं तिथं बोलून मोकळं व्हायचं, हा माझा वर्षानुवर्षांचा नेम होता. ह्यांना मस्कतला नोकरी लागली आणि मुलीचं, अश्विनीचं, लग्न झाल्यावर मीही त्यांच्यामागं गेले. सोबत देवाचा टाक नेला, भंडाऱ्याची पुडी नेली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात देव्हारा मांडला. रोज दिवा लावायची, पण हात जोडले की वाटायचं, आपण रिकाम्या घराचं दार वाजवतोय. देव तिकडं साताऱ्यातच राहिला.

ब्लडप्रेशरची गोळी मला गावाकडंच सुरू झाली होती. तेव्हा मी ते फारसं मनावर घेतलं नाही. आमच्याकडं घरोघरी कुणाला ना कुणाला बीपी असतंच. मस्कतला मात्र ते हटूनच बसलं. तिथल्या डॉक्टरांनी एकाच्या दोन गोळ्या केल्या, मग त्यातली एक बदलली. लोणचं, पापड, खारवलेल्या मिरच्या, गावाकडून आलेलं सगळं मी शेजारणीला देऊन टाकलं. सकाळी समुद्रकाठी चालायला जाऊ लागले. तरी आकडा काही उतरेना. ह्यांनी घरी मोजायचं यंत्र आणून दिलं, तर त्याचीच धास्ती बसली. दंडाला पट्टा आवळला की छाती धडधडायची. आकडा जास्त दिसला की पुन्हा मोजायची, तो आणखी वाढलेला असायचा. हे कामासाठी आठवड्यातले बरेच दिवस दूर वाळवंटातल्या साइटवर असायचे. घरात मी आणि ते यंत्र. कुणाशी मनातलं बोलावं, असं जवळ माणूस नव्हतं.

त्यातच अश्विनीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमच्याकडची रीत, आणि माहेर म्हणजे पुंडलिकनगरचं घर, पण त्या घरात आईच नाही. मी तिला सातव्या महिन्यात येते म्हणून सांगितलं होतं. आठवा लागला तरी डॉक्टर मला परवानगी देईनात. "हे खाली आल्याशिवाय विमानात बसायचं नाही. वाटेत काही झालं तर कोण बघणार?" असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. माझ्या भावजयीनं शेतातली कामं टाकून अश्विनीजवळ मुक्काम ठोकला होता. पोरीला काही कमी नव्हतं. पण ती फोनवर रोज विचारायची, "आई, तू येणार ना?" मी म्हणायची, "येणार गं, येणार म्हणजे येणार." फोन ठेवला की ओट्याला टेकून रडायची.

तो रविवार होता. सकाळी दिवा लावला आणि देवाशी चक्क भांडले. "तुझं राज्य समुद्राच्या तिकडच्या काठावरच संपतं, असं दिसतंय," असं तोंडातून निघून गेलं. मग स्वतःचीच भीती वाटली. घरात बसवेना, म्हणून पिशवी घेऊन बाजारात निघाले.

भाजी-किराण्याच्या दुकानात दुधीभोपळा निवडत होते, तेवढ्यात डोक्यात कळ आली आणि समोरचं सगळं पांढरं झालं. हातातला भोपळा कधी सुटला ते कळलं नाही. मी खाली बसले होते, आजूबाजूला पाय दिसत होते, आणि कुणीतरी मागून माझी पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवून घेतली होती.

"अगे माँ, क्या हुआ तुमको? आँखाँ खोलो. मैं हूँ ना, डरो नक्को."

ते शब्द कानावर पडले आणि त्या अवस्थेतही मला वाटलं, मी आपल्या गावच्या शहागंजात आहे. हिंदी मस्कतला बरेच लोक बोलतात, पण हे 'आँखाँ', हे 'नक्को' आमच्या गावाचं. मान वळवून पाहिलं. काळा बुरखा घातलेली, तोंडावर सुरकुत्यांचं जाळं असलेली एक म्हातारी बाई माझ्या कपाळावरचा घाम तळहातानं पुसत होती. माझं घर कुठं आहे, घरी कोण आहे, हे विचारत तिनं दुकानदाराला टॅक्सी बोलवायला लावली. मी म्हणाले, मला घरी सोडा. ती म्हणाली, "घर को जाके क्या करते? पहले डाक्टर."

टॅक्सीत तिनं माझा हात सोडला नाही. मी कुठली म्हणून विचारलं. मी औरंगाबाद सांगितलं, त्या वेळी आम्ही तसंच म्हणायचो. ते नाव ऐकून ती माझ्याकडं वळून बसली. मग हळूच म्हणाली, "हौ? मेरी पैदाइश भी वहींच की." हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर तिचे आईवडील कराचीला गेले, तेव्हा ती कडेवरचं मूल होती. आता मुलाच्या नोकरीमुळं मस्कतला होती. तिला आमच्या शहरातलं काहीच आठवत नव्हतं. पण बोली आईकडून आलेली, ती तेवढी राहिली होती.

दवाखान्यात माझे नेहमीचेच डॉक्टर होते. त्यांनी बीपी मोजलं आणि त्यांचा चेहरा बदलला. लगेच गोळी दिली, झोपवून ठेवलं, पुन्हा पुन्हा तपासलं. आकडा थोडा खाली आल्यावर ते बोलले, "इतकी औषधं देऊनही असं का होतंय, तेच कळत नाही. दुसरं काही घेता का?" मी नेहमीप्रमाणं नाही म्हणाले. बाजूच्या खुर्चीवर बसलेल्या खाला मात्र उठल्या. तोवर मी त्यांना मनातल्या मनात खाला, म्हणजे मावशी, म्हणायला लागले होते. माझी पर्स त्यांनी माझ्या पोटावर ठेवली.

"जित्ती गोलियाँ हैं ना इसमें, सब निकालो. डाक्टर के सामने शरम कायको?"

मी एकेक पाकीट काढत गेले. बीपीच्या गोळ्या, पित्ताच्या, आणि गुडघेदुखीच्या. गुडघ्यासाठी ती गोळी मी गावाकडून भरपूर आणली होती आणि सकाळ-संध्याकाळ घेत होते. औषध म्हणून ती सांगायची असते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गुडघ्याचा आणि बीपीचा काय संबंध? डॉक्टरांनी ते पाकीट उचललं, उलटसुलट करून वाचलं आणि खुर्चीला पाठ टेकली.

"ही रोज घेता? कधीपासून?"

"इथं आल्यापासून."

"मग मी कितीही औषध देऊ, बीपी उतरणार कसं? अशा गोळ्या ते चढवतात आणि माझ्या औषधांना कामही करू देत नाहीत. आजपासून ही बंद. गुडघ्याचं मी बघतो."

तिथून निघताना मी तोंड धुवायला गेले. आरशात पाहिलं. माझं कपाळ पिवळं झालं होतं. भिवईपासून केसांपर्यंत हळद. बाहेर येऊन खालांना विचारलं, तर त्यांनी हसून आपले हात दाखवले. दुकानात त्या सुटी हळद घेत होत्या, पुडी फाटली आणि सगळी हातावर आली. हात झटकत होत्या, तेवढ्यात मला पडताना पाहिलं. खरं तर त्या दुकानात त्या कधी येत नसत. त्यांचं नेहमीचं दुकान त्या दिवशी बंद होतं.

मी एवढंच सांगते. याच्या पुढं मला काही सिद्ध करायचं नाही. हळद कुठल्याही बाजारात मिळते, दुकानं कधीमधी बंद असतात, हे मलाही कळतं. पण रविवारी सकाळी मी देवाला जे बोलले होते, ते मला आणि त्यालाच ठाऊक होतं. मी तिथंच बाकड्यावर बसले आणि खूप दिवसांनी मनमोकळं रडले. खालांना वाटलं, मी घाबरले. त्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

आकडा हळूहळू उतरला. एका सकाळी डॉक्टर म्हणाले, "जा आता मुलीकडं. पण गोळ्या चुकवायच्या नाहीत." निघण्याआधी खालांच्या घरी गेले. गावाकडून काय आणू म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "कुछ नक्को. अम्मी मरते दम तक पूछती थी, पनचक्की में पानी गिरता क्या अब भी. वो देख के बताओ बस." औरंगाबादला उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी मी पाणचक्कीला गेले, हौदात कोसळणारं पाणी मोबाइलवर टिपलं आणि पाठवून दिलं. त्यांचा उलट फोन आला, "गिरता माँ, अब भी गिरता," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

अश्विनीला मुलगी झाली. कळा सुरू झाल्या तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. बाळंतीण आणि बाळ दोघी सुखरूप.

पूर्वी मला वाटायचं, देवावर भार टाकायचा म्हणजे डोळे मिटून बसायचं आणि तो काय करतो ते पाहायचं. आता वाटतं, तो ज्या माणसाला समोर आणून उभं करतो, त्याचं ऐकायलाही तितकीच श्रद्धा लागते. त्याची भाषा, त्याचा वेश, त्याचा देव आपण ठरवू नये. मी आजही बीपीची गोळी घेते. आधी हात जोडते, मग पाण्याबरोबर घेते, आणि यात मला काही विसंगत वाटत नाही.

बारशाला नाव ठेवून झाल्यावर पुढच्या रविवारी भाऊ मला मोटारसायकलवरून साताऱ्याला घेऊन गेला. गर्दी नव्हती. मी गाभाऱ्यासमोर उभी राहिले. किती वेळ गेला, मला कळलं नाही. बाहेर आले तेव्हा तो चपलांपाशी ताटकळत उभा होता.

"आक्का, लई येळ लावलास. काय मागत व्हतीस एवढं?"

"काहीच नाय रे. नुसती हुबी व्हते."

त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग गाडीला किक मारली, आणि आम्ही बाळाकडं निघालो.