जमीन वाचणारे तात्या

माझा धाकटा भाऊ गेला आणि मागे त्याच्या गोल्फच्या काठ्या राहिल्या. ज्या खेळासाठी तो दर रविवारी पार शहरापर्यंत जायचा, त्यात त्याला काय मिळत होतं हे कळावं, म्हणून पणदऱ्याच्या आमच्या पडीक तुकड्यात मी गवत कापलं, एक खळगा केला आणि पुस्तक वाचून शिकू लागलो. दोन महिन्यांत चेंडू एकदाही खळग्यात गेला नाही.

शेजारच्या मळ्यातले तात्या उसाच्या सऱ्यांना पाणी वळवून परतताना बांधावर थांबत. पाय चिखलाने भरलेले, खांद्यावर फावडं. ते माणसाशीही जमिनीकडे बघूनच बोलतात, आणि सुरुवात नेहमी "आता बगा"ने.

त्या सकाळी मात्र त्यांनी फावडं खाली ठेवलं आणि गवताला गाल लागेल इतके वाकले.

"आता बगा, मास्तर. तुमी नीट खड्ड्याकडं मारताय. जमीन डावीकडं उतरतीया. हितनं पाणी सोडलं तर खड्ड्यात जाईल का?"

"नाही जाणार, तात्या."

"मग चेंडू काय पाण्यापेक्षा शाणा हाय व्हय?" खळग्याच्या उजवीकडे त्यांनी टाचेने खूण केली. "हितं मारा. दमानं. म्होरचं जमीन बगंल."

मी खुणेकडे बघून मारलं. चेंडू सरळ गेला, कलला, डावीकडे वळला आणि खळग्यात पडला.

मी केवढ्याने तरी ओरडलो. भाऊ इतक्या लांब कशासाठी जायचा, ते त्या ओरडण्यात मला कळलं.

तात्यांनी तोवर हात पुढे केला होता.

"आणा हिकडं ती काठी. आता मी."