हवालदारमामांची पाकोळी

भिंतीवर बसलेल्या पाकोळीसमोर अटेन्शनमध्ये उभा राहणारा माणूस अख्ख्या सातारा जिल्ह्यात एकच होता, आणि तो आमच्या हिचा मामा होता. लढाई संपवून हवालदारमामा रहिमतपूरला परतले तेव्हा त्यांच्या मिशा इतक्या वाढल्या होत्या की आवाज नेमका कुठून येतो ते कळत नसे. बरोबर नकाशे वाचायचं भिंग होतं. त्यातून मामांनी नकाशा सोडून सगळं पाहिलं. डाळिंबाचे दाणे, म्हशीचा कान, आणि शेवटी ती पाकोळी. दिव्याभोवती फिरतात तसला पतंगच, पण जोंधळ्याच्या दाण्याएवढा, राखाडी. नुसत्या डोळ्यांना भिंतीवरचा डागच. पण भिंगाखाली पंखांवर तांबूस पट्टे, त्यांना लागून चांदीच्या ठिपक्यांची ओळ आणि कडेला केसाहून बारीक झालर! "जावईबापू, हळू श्वास घ्या, उडंल," मामा कुजबुजले. मी श्वास घ्यायचाच विसरलो होतो.

त्यांच्या मुलीला, तानीला, बघायला सांगलीकडचे पाहुणे येणार होते, त्या सकाळी मामींनी घराला चुना लावायला काढला. नेमकी सोप्यातल्या भिंतीवर पाकोळी येऊन बसली. मामांनी मामींच्या हातातला कुंचलाच काढून घेतला. "ती उठंस्तवर हितं चुना लागायचा न्हाई."

"आवं, पोरीचं जमतंय ते मोडायला बसलाय व्हय?" मामी रडकुंडीला आल्या. पण मामा हलेनात. ताटाएवढा मळका तुकडा तसाच राहिला आणि पाहुणे बरोबर त्याच्यासमोर बसले. मुलाचे वडील मोठे बागायतदार. बराच वेळ तिकडं बघून त्यांनी विचारलं, "चुना संपला वाटतं?"

तानीनं मान खाली घातली. मामांनी भिंग पुढं केलं. बागायतदार गुडघे धरत उठले, वाकले आणि वाकलेलेच राहिले. चहा गार झाला. शेवटी बायकोला म्हणाले, "अगं, हिकडं ये. एवढ्याशा जिवावर एवढं काम कुणी केलं असंल गं?"

तानीचं लग्न त्याच बैठकीत ठरलं.

पुढं काचबिंदूनं मामांची नजर गेली. शेवटचा भेटलो तेव्हा दाराच्या चौकटीवर तसलीच पाकोळी दिसली. मी सांगताच मामा सरसावून बसले. "ठिपकं हायती? झालर?" मी भिंग धरून जमेल तसं सांगत गेलो, पण शब्द पुरेनात. मध्येच ती उडाली आणि मी गप्प झालो. मामांना ते कळलं. चाचपडत माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "असू द्या. तुमाला दिसली न्हवं? लय झालं."