सगळ्या चुका एकदम सांगणारे चाचा

अर्जवाले चाचा कागद हातात घेतला की खालची सही येईपर्यंत तोंड उघडत नसत. पलूसच्या तहसील कचेरीबाहेर त्यांचं टेबल होतं. समोरचा माणूस कितीही घाईत असो, चाचा पेन्सिलीने गोल करत जात आणि मग सगळ्या चुका एकदम सांगत. "येका खेपंत सांगाय पायजे. कडेगावकडचं मानूस यष्टीनं किती येळा येनार?" माझे वडील फौजेत, त्यामुळे शाळेपासून माझे सगळे अर्ज चाचांच्या पेन्सिलीखालून गेले. मला त्यांचा राग यायचा. स्वतःच्या इतक्या चुका एका दमात ऐकायला कुणाला आवडतं?

एकदा मी फोटोच चिकटवला नव्हता. आई म्हणाली, "आवं चाचा, फोटूवर सही बी न्हाई की हिची." चाचा म्हणाले, "फोटूच न्हाई, तर सही कशावर करनार? त्ये आत्ता सांगायचं न्हाई."

पुढे मी सांगलीत प्रोग्रॅम लिहू लागले. मुलींच्या एका वसतिगृहाचा ऑनलाइन अर्ज तयार करायचं काम माझ्याकडे आलं. फंक्शनल पद्धतीने मी अर्जातल्या प्रत्येक तपासणीचं वेगळं छोटं फंक्शन, म्हणजे एकच काम करणारा प्रोग्रॅमचा तुकडा, केलं आणि एकाचं उत्तर पुढच्याच्या हातात देत साखळी जोडली. पहिली चूक सापडली की साखळी तिथेच थांबायची. काम इतक्या थोड्या ओळींत बसलं म्हणून मी स्वतःवरच खूश होते.

त्या पावसाळ्यात चाचा यष्टीने थेट आमच्या ऑफिसात आले आणि माझ्यासमोर एकाच अर्जाच्या तीन प्रिंट ठेवल्या. कडेगावकडच्या एका मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. तिने चाचांकडे येऊन वसतिगृहाचा अर्ज भरला, तर फोटो मोठा निघाला. तो बदलला, तर नाव दाखल्याशी जुळेना. ते दुरुस्त करून आणलं, तर उत्पन्नाचा दाखला जुना. नवा मिळेपर्यंत मुदत संपली. राहायची सोय नाही म्हणून वडिलांनी तिला घरीच ठेवलं.

"ह्या तिन्ही चुका पैल्याच दिवशी हुत्या न्हवं?"

मी मान खाली घातली. आता चांगलं सुनावणार असं वाटलं. पण ते म्हणाले, "माजं बी चुकलं, पोरी. तू केलंयस म्हनून मी कागद वाचलाच न्हाई." मला ऑफिसात सगळ्यांसमोर रडू आलं.

मी ती साखळी मोडली. आता प्रत्येक तपासणी आपलं काम पुरं करते आणि सगळ्यांच्या चुका शेवटी एका यादीत गोळा होतात. फोटोच नसेल, तर मात्र त्याच्या आकाराबद्दल कुणी विचारत नाही. पुढच्या वर्षीचे अर्ज सुरू व्हायच्या आधी लॅपटॉप घेऊन मी पलूसला गेले आणि त्या मुलीचाच जुना अर्ज भरून दाखवला. तिन्ही चुका एकदम आल्या. चाचांनी एकेकीवर बोट ठेवून वाचलं.

"यंदा तिला बोलवूया का, चाचा?"

"तिचं लगीन झालं. गेल्या म्हैन्यात."

चाचा गेले त्याला आता दोन वर्षं झाली. मुलींना पहिल्याच दिवशी सगळ्या चुका कळतात आणि त्या आठवड्याभरात दुरुस्त करून पाठवतात. ती कडेगावकडची मुलगी येणार नाही हे मला माहीत आहे. तरी दर वर्षी आलेल्या अर्जांमध्ये मी तिचं नाव शोधते.