पिवळा लावू की पांढरा?

वर्ध्यात इलेक्ट्रिकच्या दुकानात पंधरा-वीस वर्षं काढली की माणसाजवळ दोन गोष्टी साठतात. जळालेले चोक आणि किस्से. चोक भंगारवाला घेऊन जातो. किस्से आपल्याच गळ्यात!

आमचे मालक सुधाकरभाऊ. मी त्यांच्याकडे फिटिंगची कामं करायचो. नव्वदनंतर बाहेरच्या दिव्यांत नवनवीन प्रकार आले आणि जो तो विचारू लागला, "भाऊ, पिवळा लावू की पांढरा? बिल कमी यावं अन् उजेड जास्त पडावा!" जावई शोधताना लोक एवढी चौकशी करत नव्हते.

*

भाऊंचा कौल पिवळ्या सोडियमला. वीज कमी, उजेड दणकट. एका कापडवाल्यानं दिवाळीच्या तोंडावर दुकानासमोरच्या मांडवात तो लावून घेतला. संध्याकाळी एका बाईंनी चॉकलेटी साडी पसंत करून नेली. सकाळी परत हजर!

"काऊन हो, ही तर जांभळी निघाली!"

दोन दिवसांत अशा चार बायका आल्या. कापडवाला आमच्याकडे आला. म्हणाला, "सुधाकरभाऊ, बिल तर वाचलं, पण गिऱ्हाईक चाललं ना बापा!"

*

एका गावात चौकात मी बसवलेल्या दिव्याचं उद्घाटन होतं. सरपंचांनी बटण दाबलं. सोडियम लगेच पेटत नाही, आधी नुसता मिणमिणतो. सरपंचांना वाटलं, बिघडला. त्यांनी बटण बंद करून पुन्हा दाबलं. आता तर काहीच नाही! एकदा विझला की हा दिवा थंड झाल्याशिवाय पेटत नाही.

मी कानात सांगितलं, "पाच मिनिटं थांबा, हात नका लावू."

सरपंच हुशार. माईक घेऊन बोलत राहिले. दिवा पेटला तसे म्हणाले, "पाहा, पंचायतीच्या कामाले वेळ लागते, पण होते!"

मागून कोणीतरी ओरडलं, "मंग नळाचं बटन कधी दाबता?"

*

हिंगणीचा एक शेतकरी. बोरच्या जंगलातून रानडुकरं यायची. त्यानं बांधावर मोठा पांढरा मर्क्युरी लावून घेतला. उजेडाला भिऊन डुकरं पळतील, हा हिशोब. पंधरा दिवसांनी बाजाराला आला तेव्हा मी विचारलं, "कसं काय चालू आहे?"

"का सांगू भाऊ! पह्यले अंधारात चाचपडत खात होते. आता पाहून पाहून खाऊन राह्यले!"

*

सीएफएल आले तेव्हा भाऊंनी दुकानाबाहेर मर्क्युरी, सोडियम, सीएफएल ओळीनं टांगले. लोकांनी स्वतः पाहावं, मग घ्यावं. एक रिटायर्ड गुरुजी रोज संध्याकाळी सीएफएलखाली उभे राहून पेपर वाचायचे. महिना झाला. शेवटी भाऊंनी विचारलंच, "गुरुजी, पसंत पडला का?"

"पडला ना! म्हणून तर रोज येतो."

*

आता गिरडचं सांगतो. एलईडी नुकते आले होते. तिथले एक किराणावाले, नामदेवराव, आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या अंगणात खांबावर चहूकडे उजेड फेकणारा सोडियम होता. शेजारी धाकट्या भावाचं घर, मध्ये कमरेएवढी भिंत. वाटणीवरून दोघांचं बोलणं बंद झालेलं, त्याला बरीच वर्षं झाली होती. मी काम करत असताना धाकटा समोरून गेला, तर नामदेवरावांनी तोंड फिरवलं.

मी सोडियम काढून एलईडी बसवला. अंगण लख्ख झालं. नामदेवराव खूश. म्हणाले, "वा! बिल अर्ध्यावर येईल." मी निघालो.

दुसऱ्याच दिवशी ते बसनं वर्ध्याला, थेट दुकानात. हातात पिशवी, पिशवीत एलईडी.

"हा घ्या वापस. माहा जुनाच लावून देजा."

भाऊ चकित. "काऊन? पेटत नाई का?"

"पेटते."

"उजेड कमी पडते?"

"नाई. जास्तच पडते."

"बिल वाढलं तर मंग आमच्या नावानं बोंबलू नका."

"वाढू द्या."

भाऊंना राहवेना. "अहो नामदेवराव, एवढा चांगला दिवा! त्याच्यात खराबी तं सांगा!"

नामदेवरावांनी पिशवी काउंटरवर ठेवली. बाहेर रस्त्याकडे पाहत म्हणाले,

"ह्याचा उजेड फक्त माह्याच अंगणात पडते."